विहिरींचा नकाशा दुसऱ्याच्या लॅपटॉपवरही उघडावा म्हणून

प्रश्न थोडक्यात असा. लांजा तालुक्यातल्या भूगोलाच्या एका शिक्षिकेच्या नववीतल्या मुलांनी मार्च ते मे दर रविवारी वाड्यावाड्यांवरच्या ४३ विहिरींची पातळी दोरीला दगड बांधून मोजली. मॅडमनी लीफलेट या वेबवरचे नकाशे करायच्या साधनात त्याचा नकाशा केला. विहिरीवर क्लिक केलं की खाली डी३ या आलेख काढायच्या साधनात काढलेला रेषालेख उघडतो. त्यांच्या लॅपटॉपवर सगळं झकास चालतं. राजापूर आणि गुहागरच्या दोन शिक्षकांना व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली, तर एकाला कोरं पान दिसलं आणि दुसऱ्याला नकाशाचे इकडेतिकडे विखुरलेले चौकोन. असं का होतं, हा कोडचा तुकडा कुठं ठेवला म्हणजे इतरांना आपापल्या विहिरी घालून वापरता येईल, आणि कोडमधल्या टिपा मराठीत लिहिल्या तर चालतील का, असं त्यांनी विचारलंय.

मॅडम, आधी तुमच्या मुलांचं मनापासून कौतुक. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही एप्रिल उजाडला की आपल्याकडे हंडे घेऊन फिरावं लागतं, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही. हे आपण सगळे तोंडानं सांगतो. दर आठवड्याची मोजणी हाताशी असलेली माणसं मात्र फार थोडी. तुमचा हा तुकडा कोकणभर फिरायला हवा असं मला वाटतं, म्हणून जरा लांबण लावून लिहितोय. मी रत्नागिरीत बसून गेली बारा-तेरा वर्षं पाऊस, भरती-ओहोटी, मासळी यांचे वेबवरचे नकाशे करतोय. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: कोडच्या तुकड्यानं आपली शिदोरी बरोबर बांधून नेली पाहिजे. ज्याच्या हातात तो पडेल त्याला काहीही न शोधता, काहीही न बसवता मिनिटभरात चित्र दिसलं पाहिजे. चित्र दिसलं की माणूस कोड वाचायला बसतो. कोरं पान दिसलं की तो पान बंद करतो आणि संकोचानं तुम्हाला कळवतही नाही.

राजापूरच्या सरांचं कोरं पान घेऊ. तुमचं पान विहिरींची माहिती शेजारच्या सीएसव्ही फाइलमधून, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींच्या साध्या फाइलमधून वाचतं. तुम्ही ते एडिटरच्या छोट्या सर्व्हरमधून उघडता, म्हणून ब्राउझर शेजारची फाइल वाचू देतो. सरांनी आलेल्या फाइलवर डबल क्लिक केलं. अशा उघडलेल्या पानाला ब्राउझर सुरक्षेपोटी शेजारच्या फाइली वाचू देत नाही. एफ-१२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझरची चुका दाखवणारी खिडकी, पाहिला असता तर तिथं लाल ओळ दिसली असती. शिवाय व्हॉट्सॲपवर एकच फाइल गेली, सीएसव्ही तुमच्याच फोल्डरमध्ये राहिली. उपाय सोपा आहे. ४३ विहिरी, १३ रविवार, म्हणजे ५५९ नोंदी. एका नोंदीला दहा अक्षरं धरली तरी सहा केबीच्या आत बसतात. एवढी माहिती थेट पानातच, कोडच्या अगदी वरच्या भागात लिहून टाका. हजारो नोंदी असतील तेव्हाच वेगळी फाइल करावी आणि मग ‘पायथनचा छोटा सर्व्हर ८००० पोर्टवर सुरू करा’ अशी सूचना पहिल्या ओळीतच द्यावी.

गुहागरच्या विखुरलेल्या चौकोनांचं कारण निराळं आहे. लीफलेटला दोन फाइली लागतात, एक जावास्क्रिप्टची, म्हणजे पान चालवणाऱ्या कोडची, आणि एक सीएसएसची, म्हणजे पानाच्या मांडणीची. टाइल्सना, म्हणजे नकाशाच्या चौकोनी तुकड्यांना, शेजारीशेजारी बसवायचं काम सीएसएस करते. ती मिळाली नाही की नकाशाचे तुकडे कौलं उडाल्यासारखे कुठंही पडतात. तुम्ही सीएसएस तुमच्या फोल्डरमधून घेतली असणार, जावास्क्रिप्ट मात्र नेटवरून. दोन्ही एकाच ठिकाणाहून आणि एकाच आवृत्तीच्या घ्या. आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. ज्या चौकटीत नकाशा बसतो तिला उंची दिलेली हवी. ती नसेल तर उंची शून्य धरली जाते, नकाशा तयार होतो पण दिसत नाही, आणि कन्सोलमध्ये एकही लाल ओळ येत नाही. नवशिक्यांचे निम्मे कोरे नकाशे मी याच एका ओळीनं सुधारलेत.

आवृत्तीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण हे मला भोवलंय. २०१६ च्या पावसाळ्यात तालुकावार पावसाचा एक छोटा स्तंभालेख मी एका कार्यालयाला करून दिला होता. डी३ ची जोडणी देताना आवृत्तीचा आकडा घातलाच नव्हता. आकडा न घालता मागितलं की अशी साधनं नेटवरून पुरवणारे सर्व्हर सगळ्यात नवी आवृत्ती देतात. तेव्हा तिसरी आवृत्ती चालू होती, पण जूनच्या शेवटी चौथी आली आणि तिच्यात नावंच बदलली. आधी ‘स्केल’च्या पोटात ‘लिनिअर’ होतं, ते जोडून ‘स्केललिनिअर’ झालं. माझ्या कोडमधलं एक अक्षरही बदललं नव्हतं, तरी एका सकाळी आलेख गायब. ऐन पावसात, जेव्हा तो रोज पाहिला जात होता. पुढं २०१८ मधल्या पाचव्या आवृत्तीत सीएसव्ही वाचण्याची रीत बदलली, म्हणून जुन्या उदाहरणांतून उचललेला कोड आजही लोकांना दगा देतो. तुम्ही पूर्ण आकडा लिहा, जसं लीफलेट १.९.४, डी३ ७.९.०. नुसतं ‘डी३ लागेल’ असं लिहिलेला तुकडा दोन-तीन वर्षांत शिळा होतो.

आता तुमच्या माहितीकडे येतो, कारण दुसऱ्यानं स्वतःच्या विहिरी घालायच्या तर चुका तिथंच होणार. लांज्याचा अक्षांश साधारण १६.८५ आणि रेखांश ७३.५५. लीफलेटला आधी अक्षांश आणि मग रेखांश लागतो. जिओजेसन (ठिकाणं आणि सीमा फाइलमध्ये लिहायची एक पद्धत) आणि डी३ यांना बरोबर उलटा क्रम लागतो, आधी रेखांश. उलटापालट झाली की लांज्याच्या विहिरी नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या थंड समुद्रात जाऊन पडतात, आणि तुमच्या पडद्यावर कोकण रिकामं दिसतं. म्हणून माहितीच्या पहिल्या ओळीत नुसते दोन आकडे नकोत. प्रत्येक आकड्याला ‘अक्षांश’, ‘रेखांश’ असं नाव द्या. चार अक्षरं जास्त टंकावी लागतील, पण गुहागरच्या सरांची एक संध्याकाळ वाचेल.

तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात मला आणखी एक गोष्ट दिसली. काही मुलांनी आकडे देवनागरीत भरलेत, ‘१८’, ‘२२’ असे. माणसाला ते छान वाचता येतात, पण जावास्क्रिप्ट देवनागरी अंकांना संख्या मानत नाही. त्या विहिरींची पातळी ‘संख्या नाही’ अशी येते आणि रेषालेखात तिथं खाच पडते. तुम्हाला वाटेल त्या रविवारी मुलं गेलीच नाहीत. मुलांना इंग्रजी अंक टंकायला लावू नका. कोडमध्येच एक छोटं फंक्शन ठेवा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकयादीत, देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि पुढचे नऊ अंक ओळीनं येतात. प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की साधा अंक मिळतो. हे तीन ओळींचं फंक्शन तुमच्या पूर्ण नकाशापेक्षा जास्त लोकांच्या उपयोगी पडेल असं माझं मत आहे, ते स्वतंत्र तुकडा म्हणूनही द्या. सीएसव्हीमधून वाचलेले आकडे मुळात मजकूर म्हणून येतात हेही लक्षात असू द्या. मजकूर म्हणून तुलना केली तर १० हा ९ पेक्षा लहान ठरतो आणि रंगांचा क्रम बिघडतो.

आणि आकडा म्हणजे नेमकं काय, ते लिहाच. ‘२२’ म्हणजे २२ फूट पाणी आहे, की पाणी २२ फूट खाली आहे? मोजणी कठड्याच्या वरच्या कडेपासून केली की जमिनीपासून? कठडा अडीच-तीन फुटांचा असतो. तुमची मुलं कठड्यापासून मोजत असतील आणि राजापूरची जमिनीपासून, तर दोन तालुक्यांचे नकाशे शेजारी ठेवून काहीच बोलता येणार नाही. शिवाय तुमच्या रंगपट्टीत गडद निळा म्हणजे मोठा आकडा, म्हणजे पाणी जास्त खोल गेलेलं. पाहणारा गडद निळ्याला भरपूर पाणी समजतो. पट्टी उलटी करा, किंवा कोरडेपणासाठी तपकिरी घ्या.

यापुढचं तुम्ही विचारलेलं नाही, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या यादीत विहिरीच्या मालकाचं नाव आहे आणि दशांशचिन्हानंतर सहा अंक असलेले अक्षांश-रेखांश आहेत. सहा अंक म्हणजे साधारण ११ सेंटीमीटर. मोबाइलच्या जीपीएसचीच चूक काही मीटरची असते, म्हणजे शेवटचे आकडे निरर्थक आहेत. ते नुसती फाइल फुगवतात. चार अंक म्हणजे ११ मीटर, तीन अंक म्हणजे ११० मीटर. सार्वजनिक विहिरींना चार पुरेत. खासगी परड्यातल्या विहिरींना तीनच ठेवा आणि मालकाचं नाव काढून ‘वाडी क्रमांक १, विहीर ३’ असं करा. ज्यांनी मुलांना आपल्या परड्यात येऊ दिलं, त्यांनी नाव जगभर पसरावं म्हणून ते दिलेलं नाही. एकदा तुकडा बाहेर गेला की त्याच्या किती नकला होतील हे आपल्या हातात राहत नाही. वेळास, आंजर्ले इथल्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांबाबतही मी हेच पाळतो. उदाहरण म्हणून तुकडा द्यायचा असेल तेव्हा घरट्यांचे खरे ठिकाणबिंदू त्यात कधीच घालत नाही, किनाऱ्यावर मनानं बिंदू टाकतो आणि तसं वरच लिहितो.

तालुक्याची सीमा घालायची असेल तर दोन खाचखळगे सांगतो. डी३ मध्ये सीमा काढलीत आणि अचानक तालुक्याऐवजी सगळा चौकोन रंगला, तर घाबरू नका. बहुभुजाच्या कडेचे बिंदू कोणत्या दिशेनं लिहिलेत यावर आत कोणतं आणि बाहेर कोणतं हे ठरतं. जिओजेसनच्या २०१६ च्या प्रमाणात बाहेरची कड घड्याळाच्या उलट दिशेनं लिहायची आहे. डी३ गोलावर हिशोब करतं आणि त्याला घड्याळाच्या दिशेनं लागते. उलट दिशा मिळाली की डी३ च्या दृष्टीनं लांजा म्हणजे लांजा सोडून उरलेली पृथ्वी. बिंदूंचा क्रम उलटा केला की झालं. लीफलेटला ही दिशा चालते कशीही, म्हणूनच तीच फाइल एकीकडे नीट आणि दुसरीकडे विचित्र दिसते आणि माणूस चक्रावतो.

दुसरं म्हणजे सीमा हलकी करणं. मॅपशेपरसारख्या साधनानं बिंदू कमी करता येतात आणि करावेतच, आपल्याकडे घाटातल्या वाडीत रेंज कशी असते ते मी तुम्हाला काय सांगणार. लांज्याला समुद्र नाही, तुमचं निभावेल. गुहागरच्या सरांना मात्र जपून करायला सांगा. त्यांचा तालुका उत्तरेला वाशिष्ठीच्या आणि दक्षिणेला शास्त्रीच्या खाडीनं घेरलाय. सरकपट्टी जरा जास्त ओढली की खाड्यांची तोंडं बुजतात. मालवणचा नकाशा असाच हलका करताना मी सिंधुदुर्ग किल्ल्याचं अख्खं बेट गमावलं होतं, कारण लहान आकार साधन आपणहून वगळतं. लहान आकार राखण्याचा पर्याय त्यात असतो, तो चालू करा. हलका केलेला किनारा खऱ्या नकाशावर ठेवून एकदा डोळ्यांनी तपासा. भारताची पूर्ण बाह्यरेषा घालायची वेळ आली तर परदेशी उदाहरणांतली जगाची फाइल जशीच्या तशी घेऊ नका. त्यांतल्या काश्मीरच्या सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळत नाहीत, आणि न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं आपल्याकडे १९६१ च्या कायद्यातल्या १९९० च्या दुरुस्तीनुसार गुन्हा आहे.

नावांचं म्हणाल तर लीफलेटमध्ये तुम्ही सुखी आहात. त्याची लेबलं ब्राउझर स्वतः लिहितो, त्यामुळं जोडाक्षरं नीट उमटतात. ग्राफिक्स कार्डावर नकाशा रंगवणारी मॅपबॉक्स किंवा मॅपलिब्रेसारखी साधनं मी वापरली तेव्हा ‘रत्नागिरी’तल्या ‘त्न’चा पाय मोडलेला आणि ऱ्हस्व वेलांटी ‘ग’च्या चुकीच्या बाजूला गेलेली दिसली. तिथं नावं वेगळ्या एचटीएमएल थरात ठेवावी लागली. तुमच्याकडे फक्त यूटीएफ-८ ची ओळ (अक्षरं कशी वाचायची ते ब्राउझरला सांगणारी) पानाच्या अगदी सुरुवातीला आहे ना ते पाहा, आणि लेबलं १३-१४ पिक्सेलच्या खाली नेऊ नका, मात्रा-वेलांट्या एकमेकांत मिसळतात.

आता ठेवायचं कुठं. व्हॉट्सॲपच्या संदेशात कोड चिकटवू नका. तिथं गुणाकाराची फुली आणि अधोरेषा ठळक-तिरप्या अक्षरांच्या खुणा समजल्या जातात. वर्डमध्ये तर सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि कोड पहिल्याच ओळीला थांबतो. फाइलही शक्यतो पाठवू नका, दुवा पाठवा. याला आणखी एक कारण आहे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाच्या टाइल्स देणाऱ्यांची अपेक्षा असते की मागणी कोणत्या पानावरून आली ते त्यांना कळावं. डबल क्लिकनं उघडलेल्या पानाला वेबचा पत्ताच नसतो, त्यामुळं टाइल्स नाकारल्या जाऊ शकतात.

मी हे सगळं शिकलो ते माइक बोस्टॉक यांनी चालवलेल्या ब्लॉक्स या ठिकाणी. डी३ २०११ मध्ये आणणाऱ्यांपैकी ते एक. गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर २००८ पासून असलेल्या जिस्ट या सोयीत कोड ठेवायचा, आणि ब्लॉक्स त्याच कोडचं चालतं चित्र वर, वर्णन मध्ये आणि कोड खाली दाखवायचं. चित्र आणि कोड एका नजरेत. हजारो लोक तिथंच दुसऱ्याचा आलेख उचलून, त्यात आपले आकडे घालून शिकले. ते ठिकाण आता बंद झालंय. ग्लिच या तशाच दुसऱ्या ठिकाणानंही जुलै २०२५ मध्ये पानं चालवणं थांबवलं. माझे काही नकाशे यात गेले असते, पण मूळ फाइली माझ्याजवळ होत्या. म्हणून तुम्ही दोन ठिकाणी ठेवा: गिटहबवर एक भांडार (रिपॉझिटरी) करून त्याचं पान (पेजेस) चालू करा, म्हणजे चालता नकाशा आणि कोड दोन्हींचे दुवे मिळतील, आणि पूर्ण फोल्डर शाळेच्या पेनड्राइव्हवरही असू द्या. नुसत्या जिस्टवर कोड दिसतो, चालत नाही. ब्राउझरमध्येच कोड लिहून चालवता येणारं कोडपेन झटपट दाखवायला उत्तम आहे, मी स्वतः एखाद्या प्रश्नाचं उत्तर देताना तेच वापरतो, पण मूळ प्रत तिथं ठेवत नाही.

बरोबर परवानगीची एक ओळ हवी. काहीच लिहिलं नाही तर कायद्यानं सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात, आणि नियम पाळणारा शिक्षक तुमचा कोड वापरायला कचरेल. कोडला एमआयटी परवाना (श्रेय राखून कुणालाही वापरू देणारा) द्या, विहिरींच्या माहितीबद्दल वेगळी ओळ लिहा, आणि नकाशाच्या कोपऱ्यातलं ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचं श्रेय कुणीही पुसायचं नाही हेही सांगा. पुढं कधी पैसे भरून घेतलेल्या टाइल्स वापरल्यात तर तुमची खासगी कळ (तुमचं खातं ओळखणारा संकेत) तुकड्यात राहू देऊ नका.

दुवा तयार झाला की तो आधी दुसऱ्याच्या मोबाइलवर, मोबाइल डेटावर उघडून पाहा. स्वतःच्या लॅपटॉपवर जुन्या फाइली साठवलेल्या असतात, त्यामुळं तुटलेलं पानही नीट दिसतं.

राहिला टिपांचा प्रश्न. मराठीतच लिहा. फंक्शनांची आणि चलांची नावं इंग्रजीत ठेवा, कारण उदाहरणं शोधताना तीच नावं समोर येतात आणि टंकताना कळफलक सारखा बदलावा लागत नाही. पण ‘हे असं का केलंय’ हे ज्या भाषेत तुम्ही मुलांना सांगाल त्याच भाषेत असू द्या. तुमचा वाचक राजापूरचा शिक्षक आहे, त्याच्या वर्गातली मुलगी आहे. फाइलच्या डोक्यावर मी काय लिहीन ते देतो, हवं तसं बदला:

‘हा नकाशा विहिरींतली पाण्याची पातळी दाखवतो. आकडा म्हणजे कठड्याच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर, फुटांत. आकडा मोठा म्हणजे पाणी खोल. मोजणी दर रविवारी सकाळी, पाणी शेंदण्याआधी. लीफलेट १.९.४ आणि डी३ ७.९.० लागतं, दोन्ही नेटवरून आपोआप येतात. स्वतःच्या विहिरी घालण्यासाठी फक्त “इथून बदला” ते “इथपर्यंत बदला” एवढा भाग बदला. अंक देवनागरीत लिहिले तरी चालतील. मालकांची नावं घालू नका. खासगी विहिरींचे अक्षांश-रेखांश दशांशानंतर तीनच अंकांपर्यंत द्या.’

‘पाणी शेंदण्याआधी’ हे मी अंदाजानं घातलंय. तुमची मुलं किती वाजता मोजतात ते त्यांना विचारून तिथं खरी वेळ लिहा.